बाळाचा कार्यक्रम

माझ्या सासऱ्यांनी आजवर कुणाचाही सल्ला मोडलेला नाही. सल्ला देणारा डॉक्टर असो, तलाठी असो, की एसटीत शेजारी बसलेला अनोळखी माणूस असो, आबा तो प्रसादासारखा दोन्ही हातांनी घेतात आणि घरी येऊन अमलात आणतात. ऐकायला हे फार गोड वाटतं, पण अशा माणसाच्या घरात राहून पाहा. दोन माणसांचं एक मत क्वचितच होतं, आणि आबांना तर कुणालाच नाराज करायचं नसतं. त्यांचे गुडघे दुखायला लागले तेव्हा एका डॉक्टरांनी गरम शेक द्यायला सांगितला आणि दुसऱ्यांनी बर्फ लावायला. आबांनी उजवा गुडघा पहिल्यांना दिला, डावा दुसऱ्यांना. संध्याकाळी ओटीवर एका पायावर गरम पाण्याची पिशवी आणि दुसऱ्यावर बर्फाचा पंचा ठेवून ते अगदी समाधानाने बसायचे. मी एकदा विचारलं, "आबा, कुठला बरा वाटतोय?" तर म्हणाले, "दोन्ही दुखतात गो. पण दोघांचाही मान राहिला पायजे ना." परसातल्या आंब्याच्या कलमाचंही तसंच. कुणी खड्डा खोल घ्या म्हणालं, कुणी उथळ. आबांनी एका बाजूने खोल आणि दुसऱ्या बाजूने उथळ खणला. ते झाड अजूनही जरा बुचकळ्यात पडल्यासारखं तिरकं उभं आहे.

आबांची सगळी नोकरी तानसा धरणावर गेली. पाण्याची पातळी बघायची, सांगतील तेव्हा झडपा फिरवायच्या आणि उरलेला वेळ पाण्याकडे बघत बसायचं. त्यामुळेच असेल, बोलताना ते समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघतात. जणू तिथे अजून तलाव आहे आणि वाऱ्याने त्याच्यावर बारीक सुरकुत्या पडतायत. त्यातून स्वभाव विलक्षण लाजाळू. दोरीवर माझे परकर वाळत असले तर हा माणूस घराला वळसा घालून मागच्या दाराने आत येतो. टीव्हीवर कुणी कुणाचा हात हातात घेतला की आबांना गोठ्यात काहीतरी आठवतं. गोठा कधीचा रिकामा आहे.

आणि माझं बाळंतपण केलं ते याच माणसाने. माझी आई मी शाळेत असतानाच गेली, सासूबाई माझ्या लग्नाच्या आधी. नवरा उजाडायच्या आत आसनगाव स्टेशन गाठतो आणि दिवेलागणीनंतर परत येतो. शेणव्याजवळच्या आमच्या घरात दिवसभर मी, आबा आणि आश्विनात जन्मलेली ती मूठभर पोरगी. बाळाला आंघोळ घालायला शेजारच्या काकी यायच्या. बाकी सगळं आबा. डिंकाचे लाडू कसे करायचे हे त्यांनी गावातल्या इतक्या बायकांना विचारलं की पहिल्या खेपेचे लाडू फोडायला वरवंटा लागला आणि दुसऱ्या खेपेचे चमच्याने खावे लागले.

पोरगी सतत प्यायची. सतत म्हणजे खरोखरच सतत. पिऊन झोपली असं वाटून मांडीवरून खाली ठेवावी, तर पाठ गादीला लागायच्या आत तोंड उघडून इकडेतिकडे शोधायला लागायची. माझ्या खोलीच्या खिडकीतून भाताची खाचरं दिसतात. तेव्हा भात पिवळं पडू लागलं होतं. सकाळी मी तिला घेऊन बसले की खाचरावर ऊन चढायचं, माध्यान्ही पिवळेपण पांढरं व्हायचं, मग हळूहळू तांबूस, आणि मी तिथेच, त्याच भिंतीला टेकून. अर्धी जागी, अर्धी झोपेत. कधी वाटायचं मीच ते खाचर आहे आणि कुणीतरी बांध फोडून माझ्यातलं पाणी खालच्या शेतात सोडतंय. अंग जड, डोळे जड, आणि छातीशी तो एवढासा ओढणारा जीव. त्या दिवसांचं वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. पण हे बरोबर चाललंय की नाही, ते सांगायला घरात बाई नव्हती.

आबांच्या तोंडून 'पाजणं' हा शब्द निघणं शक्यच नव्हतं. त्यांनी त्यावर स्वतःचा शब्द काढला होता. दाराबाहेर उभं राहून, तोंड अंगणाकडे करून ते विचारायचे, "बाळाचा कार्यक्रम झाला का गो?" मी हो म्हटलं की आत यायचे. आणि तेवढ्यात ती पुन्हा रडली की हातातला पेला तसाच घेऊन उलट्या पावली बाहेर. "आत्ताच तर झाला ना कार्यक्रम? पुन्ना?" त्या 'पुन्ना'मध्ये मोठी काळजी असायची. हे बाळ उपाशी राहतंय, अशी त्यांची खात्री होत चालली होती.

म्हणून ते मला घेऊन शहापूरला बालरोगतज्ज्ञांकडे गेले. डॉक्टर सज्जन, हळू बोलणारे. त्यांनी बाळाला बोटाने दाबून पाहिलं, थोडी कावीळ आहे म्हणाले, वजन जन्मापेक्षा जरा उतरलंय म्हणाले, आणि मग पाजण्याविषयी सांगायला लागले. आदल्या दोन रात्री माझा डोळा लागलेला नव्हता; त्यांचं बोलणं मला विहिरीच्या तळातून येत असल्यासारखं ऐकू येत होतं. मी निर्धास्त होते, कारण आबा शेजारीच बसले होते. घरी आल्यावर आबांनी जाहीर केलं, "तीन तासांनी. डॉक्टर सायब बोलले, तीन तास."

मग घरात तीन तासांचं राज्य सुरू झालं. बाळ मधेच रडलं की आबा बाहेरूनच हात पुढे करायचे, मी तिला त्यांच्याकडे द्यायची आणि ते तिला खांद्यावर घेऊन अंगणात फिरायचे. त्यांना अंगाईगीत येत नाही. ते धरणांची नावं म्हणायचे. "तानसाऽ… भातसाऽ… वैतरणाऽ… भरली गो भरलीऽ…" आवाज खर्जातला, शब्द लांबवलेले. मी आत पदर ओला होऊन बसलेली, बाहेर पोरगी आकांताने रडतेय, आणि त्या रडण्यातून मधूनमधून सगळी धरणं भरून वाहतायत. आज आठवलं की हसू येतं. तेव्हा घड्याळाकडे बघून मला रडू यायचं.

आठवड्याने उपकेंद्रातली सिस्टर घरी आली. मोठ्या आवाजाची, कामसू बाई. तिने हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "तीन तास? एवढ्याशा पोरीला? दोन तासांनी द्यायचं ताई, दोन्ही बाजूंनी द्यायचं, वरचं पाणी नाय, घुटी नाय, काय नाय!" ती हे सांगत असताना आबा ओटीवर खांबाआड उभे होते. ती गेल्यावर त्यांनी बराच विचार केला. एकीकडे डॉक्टर, दुसरीकडे सिस्टर. दोघंही शिकलेली, दोघंही आपल्या भल्यासाठी सांगणारी. शेवटी त्यांनी तोडगा काढला. "अडीच तास," ते अंगणाकडे तोंड करून म्हणाले. "म्हंजे कुणाला राग नको."

अडीच तासांनी कुणालाच राग आला नाही, फक्त माझी पोरगी रागावली. ती दिवसरात्र रडायला लागली. तेव्हा कुणीतरी आबांना सांगितलं की कल्याणच्या एक मोठ्या मॅडम रविवारी मुरबाडला बसतात, लहान मुलांच्या नावाजलेल्या आहेत. आम्ही मुरबाडला गेलो. मॅडमनी बाळाचं वजन केलं, भुवया वर केल्या आणि विचारलं, "दूध पुरतंय का बाळाला?" पुरतंय की नाही, हे बघायला आत डोकावता येतं का? मी गप्प राहिले म्हणून त्यांनी वरच्या दुधाचा डबा लिहून दिला, थोडे दिवस जोडीला द्या म्हणाल्या, आणखीही काही काही सांगितलं. आबा त्या वेळी भिंतीवरच्या हसऱ्या बाळाच्या चित्राकडे एकटक बघत होते.

डबा घरात आला. पहिल्यांदा बाटली दिली आणि पोरगी गाढ झोपली. आबांच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. मला मात्र कुणीतरी उठवून बाजूला बसवल्यासारखं वाटलं. दोनचार दिवसांनी दुपारी मी तिला जवळ घेतलं, तर तिने तोंड फिरवलं. पुन्हा घेतलं, पुन्हा फिरवलं, आणि रबरी बुचाची वाट बघत रडायला लागली. आबा बाहेरून नेहमीप्रमाणे म्हणाले, "झाला का कार्यक्रम?" मी म्हटलं, "नाही आबा. ती पीत नाही माझं." आणि मला हुंदका आवरेना.

आबा उंबऱ्यावर पाठमोरे बसले. समोर भात कापायला आलं होतं, दुपार अगदी निपचित पडली होती. त्यांनी बोलायला सुरुवात केली तेव्हा आधी मला वाटलं ते स्वतःशीच पुटपुटतायत. "तुझ्या नवऱ्याच्या आधी आमाला एक पोर व्हती. चार महिन्यांची झाली आणि प्यायची थांबली. तुझी सासू बोलली, कुणालातरी दाखवा. धरण भरत आला व्हता. रजा मागायला सायबाकडं गेलो. सायबानी इचारला, कशाला रजा? आता काय सांगणार? बाळ… बाळाचा असा असा हाय, हे सांगायची लाज वाटली मला. बोललो, काय नाय सायेब. नि परत आलो." ते थांबले. "दोन दिवसांनी सुट्टीच मिळाली."

पोरगी रडून रडून माझ्या मांडीवर झोपली होती. आबा उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "बारशाला बोलवतो सगळ्यांना."

सव्वा महिन्याचं बारसं करायचं आधीच ठरलं होतं. मला वाटलं ते नातेवाइकांविषयी बोलतायत. पण आबा स्वतः शहापूरला जाऊन डॉक्टरांना बोलावून आले, उपकेंद्रात जाऊन सिस्टरला, आणि मुरबाडला जाऊन मॅडमना. मॅडमना त्यांनी नव्या तांदळाच्या भाकरीचं आमिष दाखवलं असं पुढे कळलं. आश्चर्य म्हणजे तिघंही आली. अंगणात मांडव होता, पाळणा होता, काकींनी घुगऱ्या वाटल्या, नाव ठेवून झालं. आणि मग एरवी पंगतीत मीठ मागायला लाजणारे आबा मांडवाच्या मधोमध येऊन उभे राहिले. दोन्ही हात जोडले. अख्खं गाव बघायला लागलं.

"तुमी तिघं मोठी माणसं," आबा म्हणाले. "आमची पोर एक. तिघांचं तीन झालं तर आमी करायचा काय? आज तिघांनी मिळून एकच काय ते सांगा. बाळाचा कार्यक्रम… किती टायमानी करायचा?"

डॉक्टर गोंधळले. "कार्यक्रम तर छान झाला की आबा. वेळेवर झाला." मॅडम म्हणाल्या, "आता पहिला वाढदिवस करा." सिस्टरला वाटलं लसीचं विचारतायत, तिने पुढची तारीख सांगितली. आबा घामाघूम झाले. आणखी एकदा "कार्यक्रम" म्हणाले आणि पुढे शब्दच फुटेना. शेवटी पाळण्याची दोरी धरून बसलेल्या काकींचा धीर सुटला आणि त्या ओरडल्या, "अवो, पोरीला पाजायची कधी कधी, त्ये इचारतायत ते!"

आबांची मान छातीला टेकली, पण ते जागचे हलले नाहीत.

"मी सांगितलं होतं की," डॉक्टर म्हणाले. "कावीळ होती, अशी बाळं कधी कधी फार झोपतात. म्हणून म्हटलं, तीन तासांच्या वर झोपू द्यायचं नाही. उठवून पाजायचं. त्याच्या आधी मागितलं तर द्यायचंच, कितीही वेळा."

"आधी द्यायचंच?" आबांनी मान वर केली.

"अहो, तुम्ही शेजारी बसला होतात ना?"

"बसलो व्हतो," आबा म्हणाले. "पण तुमी ते बोलायला लागला नि मी पंख्याकडं बघायला लागलो."

आधी सिस्टर हसली, मग सगळा मांडव. मॅडमही हसत म्हणाल्या की डबा त्यांनी वजन सावरेपर्यंतच सांगितला होता, आठवड्याने पुन्हा दाखवायला या म्हटलं होतं. तुम्ही आलाच नाहीत. यावर डॉक्टर म्हणाले, "पण मॅडम, डबा इतक्या लवकर द्यायला नको होता." मॅडम म्हणाल्या, "वजन बघितलं असतंत तर तुम्हीही दिला असता." सिस्टर म्हणाली, आमच्या ट्रेनिंगमध्ये तर डबा म्हटलं की… आणि मग तिघांचं जे सुरू झालं ते पंगत बसली तरी थांबेना. भाकरीचा तुकडा हातात धरून डॉक्टर बोलत होते, मॅडम बोटाने पत्रावळीवर आलेख काढत होत्या. तिघांचं तेव्हाही पूर्ण जमलं नाही, माझ्या समजुतीप्रमाणे आजही जमलं नसेल.

त्या गडबडीत पोरगी जागी झाली. मी तिला आत घेऊन गेले. बाटली स्वयंपाकघरात होती आणि तिथे बायकांची गर्दी. मी खिडकीशी बसले. खाचरं आता रिकामी झाली होती, कापलेल्या भाताचे सड तेवढे उरले होते, आणि त्यांच्यावरून बगळे सावकाश चालत होते. मी तिला नुसतंच जवळ घेतलं, घड्याळाकडे पाहिलं नाही. ती थोडी कुरकुरली, नाकाने हुंगल्यासारखं केलं, आणि मग तोंड उघडून जी लागली ती सुटेचना. बाहेरचे आवाज लांब लांब गेले. किती वेळ गेला कोण जाणे. मला झोप लागली असावी, कारण स्वप्नात मी तानसाच्या भिंतीवर उभी होते आणि खाली पाणी अगदी आवाज न करता वाहत होतं.

सिस्टरने हाक मारून उठवलं. तिने सोबत वजनाचा झोळीकाटा आणला होता. मांडवाच्या आडव्या वाशाला तो टांगला, झोळीत माझी पोरगी, आणि भोवती तीन तज्ज्ञ माना वर करून. काटा थरथरला आणि स्थिर झाला. वजन छान वाढलं होतं. डॉक्टरांनी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी सिस्टरकडे. तिघांच्याही चेहऱ्यावर एकच भाव होता: पाहिलंत, मी सांगितलं होतं! मग मॅडमनी डबा हळूहळू कसा कमी करायचा ते मला नीट समजावलं, डॉक्टरांनी त्याला मान डोलावली, आणि मागेल तेव्हा पाजा, वजन मात्र दर महिन्याला करा, यावर तिघांचं एकदाचं एकमत झालं. पाहुणे गेल्यावर आबा ओटीवर टेकले आणि कृतकृत्य होऊन म्हणाले, "तिघांचाही बरोबर व्हता बघ."

पुढे कितीतरी दिवस 'मागेल तेव्हा' हा नवा सल्ला आबा घरभर पाळत होते. दारात मांजर आलं, दे. कावळा ओरडला, दे. काकींचा बोकड कुंपणातून तोंड घालून ओरडला तर त्यालाही माझी मेथीची जुडी गेली. आणि मी थंडीतल्या त्या लांबच लांब दुपारी पोरीला घेऊन खिडकीशी बसायची. बाटली कधी मागे पडली ते मला नीटसं सांगता येणार नाही. तसंच पुढे, ती चालायला-बोलायला लागल्यावर, तिचं माझ्याकडे येणंही एकेक करून कमी झालं. शेवटचं कधी प्यायली ते आठवत नाही. शेवटचं आहे हे माहीत असतं तर लक्ष दिलं असतं.

यंदा पौषात आम्ही तिला म्हशाच्या जत्रेला घेऊन गेलो. ती आबांच्या खांद्यावर. बैलांचा बाजार, धूळ, गळ्यातल्या घुंगरमाळा, आणि सकाळचं कोवळं ऊन त्या धुळीत अडकलेलं. आबांनी एक घोंगडी घेतली. चार दुकानदारांची चार मतं ऐकून घेतली. परतताना एका टेम्पोच्या सावलीत एक तरुण बाई तान्ह्या बाळाला घेऊन उभी दिसली. बाळ रडत होतं आणि बरोबरची थोराड बाई तिला बोलत होती, "आत्ताच तर पाजलास ना गो? किती येळा पाजशील? नि इथं, एवढ्या माणसांत? चल, गाडी सुटंल." ती तरुण बाई खाली मान घालून बाळाला नुसती थोपटत होती.

आबा थांबले. नातीला खांद्यावरून उतरवून माझ्या हातात दिलं. नव्या घोंगडीची घडी सोडली, तिची दोन टोकं दोन हातांत पसरून धरली आणि त्या बाईकडे पाठ करून, बैलांकडे तोंड करून उभे राहिले.

"बस गो पोरी," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "बसून पाज. गाडी आमी थांबवतो."

ती बसली. थोराड बाई काहीतरी पुटपुटली आणि मग गप्प झाली. माणसं येत होती, जात होती, आबा हलत नव्हते. थोड्या वेळाने त्यांचे हात थरथरायला लागले, तेव्हा मी पुढे होऊन घोंगडीचं एक टोक धरलं. पलीकडून बाळाच्या घोटाघोटाचा तो बारीक आवाज येत होता, मधेच एक सुस्कारा, पुन्हा घोट. माझ्या छातीत काहीतरी भरून आल्यासारखं झालं. नकळत मी पदर सारखा केला. पदर कोरडाच होता. माझी मुलगी माझं बोट धरून उभी होती आणि समोरच्या खिल्लारी बैलाच्या शिंगांवरचे लाल गोंडे मन लावून बघत होती. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.